मीटरबाईंची आडवी सायकल

खुर्चीमास्तरांच्या धंद्याची गंमत अशी, की त्यांनी दुरुस्त केलेल्या खुर्चीत कोणीही आनंदानं बसत नसे. दातांच्या दवाखान्यांतल्या खुर्च्या ते दुरुस्त करत. खुर्ची वर चढेनाशी झाली, पाठ मधेच अडकली, डोक्याखालची उशी मान टाकू लागली, की दवाखान्यातून फोन यायचा आणि मास्तर हत्यारांची पेटी घेऊन निघायचे. मोटर, पंप, पायाची बटणं हे सगळं ते करतच, पण त्यांचा खरा जीव गादीवर. खाली जाड फोम, त्यावर मऊ फोम, त्यावर आणखी मऊ, आणि सगळ्यावर असं रेक्झिन, की घाम फुटला तरी माणूस चिकटू नये. घाम तर फुटणारच. "माझ्या गादीवर पाठ टेकली की माणूस भांडायचं विसरतो," असं ते सांगत. मास्तर ही पदवी त्यांना कोणत्याही शाळेनं दिलेली नव्हती. ते सावकाश बोलत आणि बोलताना एक बोट वर करत, एवढ्या भांडवलावर गल्लीनं ती देऊन टाकली होती.

त्यांची बायको पाणीपुरवठा कार्यालयात मीटर वाचायची. तिला सगळे मीटरबाई म्हणत. टाकीच्या टेकडीवरच्या वस्तीची फेरी बाईंकडे होती, लग्नाआधीपासून. सकाळी सायकल काढायची, चढ चढायचा, घरोघरी पाण्याच्या मीटरचं झाकण उघडायचं, आकडे वाचायचे, झाकण लावायचं, पुढचं घर. कुठल्या घरात पाणी गळतंय, कुठल्या घरात पाहुणे आलेत आणि कुठल्या घरातून माणूस निघून गेलाय, हे बाईंना आकड्यांवरून कळे. त्या ते कोणाला सांगत नसत. नवऱ्यालाही नाही. मास्तरांना याचं वाईट वाटायचं, कारण त्यांच्या धंद्यात सांगण्यासारखं काही घडतच नसे.

मग बाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं. बिघडलं ते नंतर.

"सायकल चालवता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालवते की. रोज."

"मग ती आता बंद. पुढे झुकून बसायचं नाही, आणि मोटारसायकलवर वगैरे गचके खायचे नाहीत."

डॉक्टर सभ्य होते, समजावून सांगत होते. मास्तर मान हलवत होते. बाईंनी फक्त आपल्या हातातली सायकलची किल्ली मास्तरांच्या शर्टाच्या खिशात टाकली, जशी एखाद्याची वस्तू परत करावी तशी. इतक्या वर्षांच्या संसारात बाईंनी न भांडता काही सोडल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

कार्यालयानं बाईंना तक्रारींच्या खिडकीत बसवलं. एका दुपारी मास्तर सहज तिथून जात होते आणि काचेतून त्यांना बायको दिसली. समोर एक माणूस पाणी गढूळ येतं म्हणून हातवारे करत होता. बाई ताठ बसून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट ठेवून, त्याच्या डोक्याच्या वर कुठेतरी बघत होत्या. मास्तर जागच्या जागी थिजले. ही बैठक त्यांना पाठ होती. दाढ काढायला आलेला माणूस बरोबर असाच बसतो. फरक एवढाच, की तो अर्ध्या तासानं उठून घरी जातो.

ते तडक बाईंच्या साहेबांकडे गेले. साहेब वाईट नव्हते.

"अहो, मलाही त्या फेरीवर हव्यात," साहेब म्हणाले. "पण वरच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. चालत फेरी पुरी होत नाही. महिनाअखेरपर्यंत त्यांच्या नावावर धरून ठेवतो. त्यानंतर नवीन माणसाला कायमची द्यावी लागेल."

"आणि तोवर ती सायकलवर बसली तर?"

"डॉक्टर नको म्हणतात ना?"

"पुढे झुकून नको म्हणतात," मास्तर बोट वर करून म्हणाले. "मागे झुकून नको, असं कुठे म्हणाले?"

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा त्याचा अर्थ मास्तरांनाही ठाऊक नव्हता. तो दुसऱ्या दिवशी कळला, एका दवाखान्यात, खुर्चीखालचा पंप बसवून झाल्यावर. खुर्ची तपासायला म्हणून ते स्वतः तिच्यात आडवे झाले. पाठ टेकलेली, मणका सुटा, मान निवांत. आणि पाय? पाय मोकळेच की! मास्तरांनी पाय उचलले आणि हवेत पायडल मारून पाहिले. पाठीला पत्ताही लागला नाही. त्यांनी जोरात मारले. तेवढ्यात दातांच्या डॉक्टरीणबाई आत आल्या.

"मास्तर, खुर्ची ठीक आहे ना?"

"एकदम ठीक आहे."

"आणि तुम्ही?"

मीटरबाईंचा धाकटा भाऊ वेल्डर होता. खिडक्यांचे गज आणि फाटकं करायचा आणि मास्तरांचं कोणतंही म्हणणं पहिल्यांदा हसून घ्यायचं, मग ऐकायचं, असा त्याचा नेम होता. मास्तरांनी त्याच्या दुकानातल्या फरशीवर खडूनं चित्र काढलं. मागे नेहमीचं चाक, पुढे लहान चाक, मधे खाली लांबट खुर्ची, आणि पायडल पार पुढे, नाकासमोर.

मेव्हण्यानं ते चित्र फिरून फिरून पाहिलं. "भाऊजी, सायकलला अपघात झालाय का माणसाला?"

"ही आडवी सायकल आहे. झोपून चालवायची."

"झोपून? आमच्या ताईला तुम्ही झोपवून रस्त्यावर सोडणार?"

"टेकून रे. पाठ टेकून."

"आणि समोरून ट्रक आला तर पहिल्यांदा तिचे पाय भेटणार त्याला. बरंय. ओळख करून घेतील."

पण हसून झाल्यावर त्यानं नळ्या काढल्या. शेवटी बहीण त्याचीच होती, आणि ती हल्ली फोनवर फक्त "हो" आणि "नाही" बोलत होती.

आडव्या सायकलीत सगळ्यात आधी कळायला हवी ती पायाची लांबी. साध्या सायकलची सीट वरखाली करता येते, माणूस थोडा पुढेमागे सरकतो, भागून जातं. इथे पाठ मागे टेकलेली, सरकायला जागा नाही. पायडल जवळ आलं तर गुडघे हनुवटीला भेटतात, लांब गेलं तर पाय नुसता हवेत चाचपडतो. मास्तरांनी घरी बाईंना जमिनीवर भिंतीला पाठ लावून बसवलं, पाय सरळ करायला लावले आणि भिंतीपासून टाचेपर्यंत टेप धरली. आकडा पाहिला. टेप उलटी धरली नाही ना, ते पाहिलं. पुन्हा मोजलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"तू जरा बाजूला हो." मास्तर स्वतः भिंतीला टेकून बसले. "आता माझं मोज."

बाईंनी मोजलं. मास्तरांचे पाय चांगले तीन बोटं आखूड भरले.

मास्तर हादरलेच. उभ्या बाई त्यांच्या कानाला लागत. हे सगळ्या जगाला दिसत होतं, फोटोत होतं. घरातलं वरचं फडताळ मास्तर उघडायचे, कारण मास्तर उंच. आणि पाय मात्र बाईंचे लांब!

"म्हणजे माझी उंची आहे कुठे?" ते पुटपुटले.

"बसण्यात," बाई म्हणाल्या. "खुर्चीत बरे दिसता तुम्ही." ऑपरेशननंतर त्यांनी केलेला हा पहिला विनोद होता, पण मास्तर धक्क्यातून सावरले नव्हते, त्यामुळे तो वाया गेला.

सायकल तयार झाली. लहान मुलाच्या सायकलचं पुढचं चाक, अडीच साखळ्या जोडून केलेली एक लांबलचक साखळी, ती खुर्चीखाली लोंबू नये म्हणून मधे एक पुली, आणि सीटच्या दोन्ही बाजूंना खाली हँडल, म्हणजे हात लोंबते सोडून वळवायचं. आणि खुर्ची! भंगारात निघालेल्या एका दवाखान्याच्या खुर्चीची पाठ मास्तरांनी कापून आणली, आणि तिला आयुष्यात कोणत्याही पेशंटला मिळाली नसेल अशी गादी केली. आठ दिवस ते त्या गादीशी बोलत होते म्हटलं तरी चालेल.

शेजारच्या चष्मेवाल्यानं पहिल्यांदा बसून पाहिलं. तो ऐसपैस मागे टेकला, डोळे मिटले, आणि त्याचं तोंड हळूहळू उघडलं.

"तोंड का उघडलं?" मास्तरांनी विचारलं.

"आँ?" चष्मेवाला दचकला. त्यानं तोंड मिटलं. पुन्हा डोकं टेकलं. पुन्हा उघडलं. "अरे, हे काय होतंय मला?"

मग मेव्हणा बसला. त्याचंही तोंड उघडलं. पेपर टाकणारा बसला, त्याचं उघडलं. जो बसेल तो आ वासायचा. मास्तर स्वतः बसले, दात घट्ट आवळून. दोन क्षण गेले आणि त्यांना आपल्याच जिभेवर वारा लागला. ते चटकन उठले. आपल्या हाताला खुर्चीची इतकी सवय झाली आहे, की ती आता दुसऱ्या कोणत्याही वस्तूत उतरते, हे त्यांना त्या क्षणी कळलं. आणि त्यात अभिमान वाटून घ्यावा की घाबरावं, हे काही ठरेना.

"भाऊजी," मेव्हणा म्हणाला, "चौकात गार पाण्याचा ग्लास आणि थुंकायला बेसिन तेवढं ठेवा. ताईची सोय होईल."

बाई आल्या. त्यांनी सायकलकडे पाहिलं. बसल्या, पाय पायडलवर ठेवले. त्यांचं तोंड मिटलेलंच होतं, हे सर्वांनी पाहिलं. बंद पडलेल्या गोदामासमोरच्या मैदानात त्यांनी दोनदा तोल सोडला, तिसऱ्यांदा धरला, आणि सायकल निघाली. सपाटीवर छान निघाली. मास्तर बाजूनं धावत होते आणि "पाठ? पाठ?" असं ओरडत होते.

"पाठ बरी आहे हो. ओरडू नका."

मग गोदामाचा उतार आला, म्हणजे माल चढवायचा तो छोटा चढ. टेकडीच्या चढासमोर तो काहीच नव्हता. बाईंनी जोर लावला. सायकल हळू झाली. आणखी जोर लावला. आणखी हळू झाली. मधेच ती थांबली, आणि बाईंनी पाय टेकवले.

महिना संपत आला होता. साध्या सायकलवर चढ आला की माणूस सीटवरून उठतो, पायडलवर उभा राहतो, सगळं वजन खाली ढकलतो. इथे उभं राहायचं कुठे? झोपलेला माणूस वजन कशावर टाकणार? आणि बाईंच्या पायांत आता जोर उरला नाही, ऑपरेशननं नेला, असंही त्यांच्या मनात आलं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते छापून आलं.

"माझ्या पायांकडे असं बघू नका," बाई म्हणाल्या. "पाय ठीक आहेत. ही गादी मला गिळतेय."

"गिळतेय?"

"मी पायडलला लाथ मारते ना, ती लाथ पायडलपर्यंत पोचतच नाही. मागे गादीत जाते. मी पुढे ढकलते आणि मीच मागे जाते."

मास्तरांचा विश्वास बसला नाही. गादी जोर चोरते? घरी आल्यावर त्यांनी सुई फिरणारा वजनकाटा काढला आणि तो भिंतीला आडवा टेकवून धरला. सायकलची खुर्ची त्याच्यासमोर ठेवली, मागून मेव्हण्यानं ती धरली. "ढकल," ते बाईंना म्हणाले. बाईंनी पायानं काटा ढकलला. सुई निघाली, रमतगमत, वाटेत कोणाशी गप्पा मारत असल्यासारखी वर गेली. गादी मात्र त्याआधी दोन इंच आत गेली होती. म्हणजे जोर पोचत होता, पण आधी फोमची मनधरणी करून.

"आता गादी काढा," बाई म्हणाल्या.

"आणि बसणार कशावर?"

"भिंतीला टेकते."

त्या भिंतीला टेकून बसल्या, समोर कपाटाला काटा लावला. "धरलात?" त्यांनी विचारलं, आणि ढकललं. सुई उडी मारून थेट शेवटच्या आकड्यावर गेली, तिथे आपटली आणि परत येईना. कपाट हललं. कपाटावरची बॅग खाली आली.

मास्तरांनी वाकून सुईवर टिचकी मारली.

"काटा बिघडला," मास्तर शेवटी म्हणाले. त्यांनी सुई बोटानं मागे आणली, स्वतः भिंतीला टेकले आणि सगळा जोर लावून ढकललं. चेहरा लाल झाला. सुई अर्ध्यावर जाऊन थांबली. काटा ठीक होता.

मेव्हण्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

मास्तर काट्याकडे पाहत राहिले. लग्नाच्या आधी आणि नंतरही कित्येक वर्षं ते दोघं सकाळी बरोबर निघायचे, टेकडीच्या पायथ्यापर्यंत एकाच रस्त्यानं, दोन सायकलींवर. हँडलला हँडल लावून, गप्पा मारत. एकदाही बाई पुढे गेल्या नव्हत्या. मास्तर उलट आपला वेग जरा आवरून धरत, बाईमाणसाला दम लागू नये म्हणून.

"अगं, पण मग," त्यांचा आवाज चमत्कारिक आला, "आपण बरोबर जायचो तेव्हा?"

"तेव्हा काय?"

"तू कधी पुढे गेली नाहीस."

बाईंनी खाली पडलेली बॅग उचलायला भावाला खूण केली. "सायकलला ब्रेक असतो ना," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मास्तर जेवले नीट, पण काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं. माणूस घर हलवतो तेव्हा कपाटामागे त्याला स्वतःच्याच भिंतीचा मूळ रंग दिसतो आणि तो चाट पडतो, तसं त्यांचं झालं होतं. त्यांनी ज्या बाईसाठी आठ दिवस फोमचे थर लावले होते ती बाई घरात नव्हतीच. घरात होती ती दुसरीच कोणी तरी, लांब पायांची, कपाट हलवणारी, आणि इतकी वर्षं ब्रेक दाबून गप्पा मारणारी.

सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं गादी उसवली.

कडक पाठ हवी होती. ती मिळाली ओळखीच्या एका दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत. वेटिंगरूममधल्या त्या प्लॅस्टिकच्या, एका साच्यातून काढलेल्या खुर्च्यांचा मास्तरांना जन्मभर तिटकारा होता. "आतल्या दुखण्याची बाहेर रंगीत तालीम," असं ते त्यांना म्हणत. त्यातली एक, पाय मोडलेली, डॉक्टरीणबाईंनी देऊन टाकली. मास्तरांनी ती उलटीसुलटी केली, कमरेमागचा बाक दाबून पाहिला. दाबला जात नव्हता. तो बाक माकडहाडाच्या वर, नेमका जिथे माणूस रेटा देतो तिथेच येत होता. ही खुर्ची बनवणाऱ्या अज्ञात माणसाबद्दल त्यांनी आजवर काढलेले उद्गार त्यांना एकेक आठवले.

मेव्हण्यानं तिला मागून पत्र्याची पट्टी जोडली. मास्तरांनी पाठ जरा उभी केली, कारण फार मागे कललं की रस्ता कमी आणि आकाश जास्त दिसतं. पुढे पायडलजवळ सगळ्यात लहान दातेरी चक्र बसवलं, म्हणजे चढावर पाय भराभर फिरावेत आणि प्रत्येक रेट्याला थोडंच काम पडावं. उभं राहता येत नसेल तर उभं राहायची गरजच पडू नये, असा हिशेब. गादीच्या नावानं रबराची एक पातळ चटई उरली. ती चिकटवताना मास्तरांचा हात जड झाला होता, हे मेव्हण्यानंही पाहिलं आणि चक्क विनोद केला नाही.

महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी साहेब बाईंची नवी सायकल चढते का ते बघायला टेकडीच्या पायथ्याशी आपल्या स्कूटरवर येऊन थांबले. बाई आडव्या सायकलीवर आल्या. सीटमागे एका काठीवर लाल फडकं होतं, मोटारवाल्यांना दिसावं म्हणून. मास्तर आपल्या जुन्या उभ्या सायकलवर.

साहेबांनी सायकलीभोवती एक फेरी मारली. "बाई, ह्याच्यात तुम्ही मला पार खाली दिसता हो."

"मला तुमचे बूट दिसतात," बाई म्हणाल्या. "पॉलिश करा."

चढ सुरू झाला. मास्तर मागोमाग निघाले. पहिल्या वळणापर्यंत त्यांनी बाईंच्या पायांवरून नजर काढली नाही. पाय एका लयीत फिरत होते, ना घाई, ना जोराचा आविर्भाव. साखळी पुलीवर बारीक किरकिरत होती. दुसऱ्या वळणाला मास्तर सीटवरून उठले आणि पायडलवर उभे राहिले. तिसऱ्या वळणाला ते उतरले. लाल फडकं वर, पुढे, तितकंच संथ हलत होतं, आणि त्यांच्यातलं अंतर वाढत होतं. मास्तर सायकल ढकलत, तोंडानं श्वास घेत चालत राहिले. आपण केलेली वस्तू आपल्याला मागे टाकून जाते, तेव्हा माणसानं काय वाटून घ्यायचं असतं? त्यांना फक्त भीती वाटत होती, की वर पोचल्यावर ती पाठ धरून बसलेली असेल.

वर पोचले तेव्हा साहेब स्कूटर लावून उभे होते आणि बाईंचा पत्ता नव्हता.

"कुठे गेली?" मास्तरांनी धापा टाकत विचारलं.

"मी तेच बघतोय," साहेब म्हणाले. "थांबल्याच नाहीत. गल्लीत शिरल्या."

दोघं पहिल्या गल्लीच्या तोंडाशी गेले आणि तिथेच उभे राहिले.

गल्लीतली घरं रस्त्याला चिकटून होती, आणि प्रत्येक दाराशेजारी, भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, पाण्याच्या मीटरचं लोखंडी झाकण. बाई भिंतीला लागून सायकल आणत. हात आधीच खाली लोंबत असायचा, हँडलवर. तो हँडलवरून सुटायचा, झाकण उघडायचा. मान जराशी वळायची. आकडा त्यांच्या डोळ्यांसमोरच असायचा. बोटांनी मांडीवरच्या नोंदीच्या मशीनवर टिपायचा, झाकण लावायचं, एक हलका रेटा, पुढचं दार. उतरणं नाही. वाकणं नाही. पाठ खुर्चीची जागा सोडत नव्हती.

मास्तरांच्या हातातून सायकल सुटली आणि धाडकन पडली. त्यांनी ती उचलली नाही.

ते जवळजवळ पळतच बाईंजवळ गेले. "अगं, तू उतरतच नाहीयेस."

"उतरू कशाला? मीटर इथेच तर आहे."

"आणि आधी? साध्या सायकलवर?"

"आधी उतरायचं, ओणवं व्हायचं, वाचायचं, उठायचं." बाईंनी झाकण लावलं. "प्रत्येक दाराशी."

"दिवसभर?"

"मीटर दिवसभरच वाचतात."

मास्तरांना गल्लीची लांबी दिसत होती. तिच्यापुढे दुसरी गल्ली होती, आणि त्या वस्तीत अशा किती तरी. इतक्या वर्षांच्या सकाळी एकाएकी त्यांच्यासमोर ओणव्या उभ्या राहिल्या. "म्हणजे पाठ सायकलनं गेलीच नव्हती! ह्यानं गेली! अगं, डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी सायकलचं विचारलं," बाई म्हणाल्या. "मी सायकलचं सांगितलं."

"मला तरी?"

"तुम्ही तर काहीच विचारलं नाहीत. तुम्ही मोजायलाच लागलात."

हे खरं होतं. आणि त्याहून भयंकर एक गोष्ट होती, ती त्यांनी त्या वेळी बाईंना सांगितली नाही, पुढेही नाही. बाई रस्त्यावर इतक्या खाली बसतात हे त्यांना बघवत नव्हतं. लोकांनी आपल्या बायकोकडे वरून बघावं, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांनी मेव्हण्याला सांगून ठेवलं होतं, की खुर्ची चांगली हातभर वर उचलायची, माणसाच्या उंचीला आणायची. नळ्या कापूनही झाल्या होत्या. मेव्हण्याचा वेल्डिंगचा गॅस संपला, नवा आलेला नव्हता, म्हणून ते काम राहून गेलं होतं. चार दिवस आधी गॅस आला असता, तर आज बाई दर दारी खुर्चीतून खाली लवल्या असत्या, आणि मास्तर पायथ्याशी टाळ्या वाजवत उभे असते. ते कोणाच्या तरी पायरीवर बसले.

साहेब सावकाश चालत आले. त्यांनी दोन घरं बाजूनं चालून पाहिलं, मग तिसरं.

"बाई, फेरी तुमचीच," ते म्हणाले. "सोमवारपासून खिडकीत दुसऱ्या कोणाला तरी बसवतो." मग घसा खाकरून विचारलं, "आज कशाला वाचताय पण? आज नुसतं दाखवायचं होतं."

"तुमच्या नव्या माणसानं ह्या ओळीत तीन घरं न बघता आकडे टाकलेत," बाई म्हणाल्या. "मधल्या घरात गळती आहे. मीटर फिरतंय आणि घराला कुलूप आहे."

साहेबांनी डोळे मोठे केले, मधल्या घराच्या कुलपाकडे पाहिलं, आणि फोन काढून कोणाला तरी प्लंबर पाठवायला सांगत दूर गेले.

मास्तर पायरीवरून उठले. बाईंच्या सायकलीजवळ आले, खाली पाहिलं. इतक्या वरून बायकोशी बोलणं त्यांना चमत्कारिक वाटलं, म्हणून ते उकिडवे बसले. आता दोघांचे चेहरे समोरासमोर आले. बाईंच्या कपाळावर घाम होता. हनुवटीला साखळीचं काळं लागलं होतं, ते कसं लागलं कोण जाणे.

"पाठ?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न ते ऑपरेशनपासून रोज सकाळी विचारत आणि बाई रोज त्याचं सविस्तर उत्तर देत. कुठे ओढतं, कुठे ठणकतं, रात्री कोणत्या कुशीवर बरं होतं. मास्तर तयारीनं बसले होते.

बाईंनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि त्या थांबल्या. त्यांचा हात आपोआप मागे कमरेकडे गेला, तिथे क्षणभर चाचपडला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की मास्तर घाबरले. मग कळलं, बाईंनाही धक्का बसला होता.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मी विसरलेच होते तिला."

बाईंनी हात परत हँडलवर आणला, एक रेटा दिला आणि पुढच्या दाराशी गेल्या. मास्तर तिथेच उकिडवे बसून राहिले, अरुंद गल्लीची वाट अडवून. पलीकडच्या घरातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, त्यांना ओलांडून जाता येईना, म्हणून त्यांनी विचारलं, "काही हरवलंय का हो?"

"नाही," मास्तर म्हणाले, आणि उठायला त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.